सोडल्याचा दाखला

गणपतीच्या दिवसांत मस्कतमधली मराठी माणसं एकमेकांना एकदा तरी भेटतातच. आरती झाली, प्रसादाच्या रांगेत उभी होते, आणि मागून एका काकूंचा आवाज आला, "काय गं, तुझं ते एम.ए. कुठवर आलं?" हातातला द्रोण सावरत मी म्हटलं, "चाललंय की!"

ही गोष्ट २०२२ सालची. चाललेलं काहीच नव्हतं. चार महिने झाले होते, विद्यापीठाचं ते पोर्टल मी उघडलंसुद्धा नव्हतं. पण रांगेत दहा माणसं, हातात मोदक, आणि काकूंनी विचारलेलं इतकं कौतुकानं! 'सोडलं' हा शब्द तोंडातून निघेना. घरी येताना गाडीत यजमान एवढंच म्हणाले, "चाललंय का खरंच?" मी खिडकीबाहेर बघत बसले.

आपल्या अंकात यशाच्या बातम्या आवर्जून छापल्या जातात. कुणाच्या मुलीला मेडिकलला प्रवेश मिळाला, कुणी नोकरी सांभाळून एम.बी.ए. केलं. छापाव्यातच, कौतुक व्हायलाच हवं. पण अर्ध्यावर राहिलेल्यांचीही संख्या आपल्यात काही कमी नाही. ती बातमी कुणी देत नाही आणि कुणी विचारतही नाही. म्हणून म्हटलं, आपणच द्यावी.

घरी बसून शिकणं आपल्याला नवीन नाही. माझी आत्या बहिःस्थ विद्यार्थिनी म्हणून बी.ए.ला बसायची. 'बसायची' म्हणते, कारण ती तीनदा बसली आणि तीनदा उठली. एकदा बाळंतपण, एकदा सासूबाईंचं आजारपण आणि एकदा, तिच्याच शब्दांत, "कंटाळा आला म्हणून." चौथ्यांदा पास झाली. मधल्या वर्षांत तिला कुणी काढून टाकलं नाही, कारण काढायला ती कुणाच्या रोजच्या हिशेबात नव्हतीच. परीक्षेचा फॉर्म भरला तर विद्यार्थिनी, नाही भरला तर गृहिणी. मुंबई विद्यापीठानं १९७१ मध्ये पत्रद्वारा शिक्षण सुरू केलं, तेव्हा घरी पोस्टानं नोट्सचे गठ्ठे येऊ लागले. ते माळ्यावर गेले तरी पोस्टमन काही जाब विचारत नसे.

मग १९८९ च्या जुलैत नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघालं. पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले. पुढे ते दिल्लीला इग्नूचेही कुलगुरू झाले. २०२३ च्या मे महिन्यात ते गेले, तेव्हा आपल्याकडच्या किती जणांना जाणवलं असेल कोण जाणे, पण आखातातल्या कितीतरी मराठी माणसांच्या पदवीमागे त्यांनी उभ्या केलेल्या व्यवस्थेचा हात आहे. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्या विद्यापीठाचं ब्रीद. सुरुवातीच्या काळात बारावी नसलेल्या माणसालाही 'पूर्वतयारी' करून तिथे पदवीच्या दारात उभं राहता येत असे. मुक्त याचा अर्थ येणाऱ्याला दार उघडं. आणि जाणाऱ्यालाही.

ऑनलाइन शिक्षणात हे दुसरं दार जरा वेगळं झालं आहे. आत्याच्या नोट्स माळ्यावर गेल्याचं विद्यापीठाला कळत नसे. माझं मात्र सगळं कळत होतं. शेवटचं लॉगिन कधी, कोणतं व्याख्यान किती मिनिटं पाहिलं, कोणता स्वाध्याय राहिला, सगळ्याची नोंद. ठरावीक काळ गैरहजर राहिलं की 'निष्क्रिय' असा शिक्का बसतो आणि त्यानंतर पटावरून नाव कमी. मास्तर रागावले असते तर बरं वाटलं असतं, असं हे प्रकरण!

माझंच सांगते. रुवीतल्या एका ऑफिसात मी हिशेब बघते. मुलगी मोठी झाली, संध्याकाळ मोकळी राहू लागली, म्हणून २०२१ मध्ये भारतातल्या एका विद्यापीठात अर्थशास्त्राच्या ऑनलाइन एम.ए.ला नाव घातलं. वर्षाची फी साठ हजार रुपये, म्हणजे तेव्हाच्या दरानं तीनशे रियालपेक्षा थोडी जास्त. विद्यापीठाचं नाव सांगत नाही. दोष एकट्या त्यांचा नव्हताच.

प्रत्यक्ष वर्ग शनिवारी आणि रविवारी, भारतातल्या संध्याकाळी सहा वाजता. तेव्हा आपल्याकडे साडेचार. शनिवार ठीक. रविवार? ओमानमध्ये २०१३ च्या मेपासून सुट्टी शुक्रवार-शनिवारची झाली, त्याआधी गुरुवार-शुक्रवारची होती. भारताच्या रविवारी आपण तेव्हाही कामावर आणि आताही कामावर. साडेचारला मी टेबलावर व्हाउचर तपासत असे आणि पर्समधल्या फोनवर कुणी प्राध्यापक मागणी आणि पुरवठा समजावत असत. "रेकॉर्डिंग आहे ना, नंतर बघू!" मंडळी, ऑनलाइन शिकणाऱ्यांचं निम्मं नुकसान या एका वाक्यानं होतं. वर्ग बुडाला तर बुडाला, त्याचं ओझं राहत नाही. रेकॉर्डिंग मात्र साठत राहतं, इस्त्रीच्या कपड्यांसारखं.

३ ऑक्टोबर २०२१ ला शाहीन वादळ आलं. बातिनाच्या किनाऱ्यावर, सुवैक आणि खाबुरा भागात काय हाहाकार झाला तो आपण सर्वांनी पाहिला. आमच्याकडे मस्कतला पाणी चढलं, दोन दिवस सगळं बंद. त्याच आठवड्यात माझे दोन स्वाध्याय द्यायचे होते. मी मेल पाठवला, त्यांनी दहा दिवसांची मुदत दिली. हे मुद्दाम सांगते, कारण मागितलं तर मिळतं याचा अनुभव मला पहिल्याच सत्रात आला होता. तरी पुढे मी ते विसरले. चारपैकी तीन पेपर सुटले, एक राहिला. वाईट नव्हतं.

दुसऱ्या सत्रात आई सांगलीला बाथरूममध्ये घसरली. खुब्याचं हाड, ऑपरेशन, मग तिला चालतं करणं. फेब्रुवारी ते एप्रिल मी तिकडेच. परत आले तेव्हा चौदा व्याख्यानं न पाहिलेली आणि तीन स्वाध्याय थकलेले. एकदा पोर्टल उघडलं, तो लाल आकडा पाहिला आणि मिटलं. उद्या बघू म्हटलं. उद्या काही बघितलं नाही. आठवड्याभरानं उघडायची लाज वाटू लागली आणि महिन्याभरानं भीती. कशाची भीती, विचाराल तर सांगता येणार नाही. माझ्यासारख्या चाळिशी उलटलेल्या बाईला छडी कोण मारणार होतं?

त्या काळात आई दर शुक्रवारी फोनवर विचारायची, "परीक्षा कधी गं?" मी म्हणायची, "आहे अजून."

ऑक्टोबरात विद्यापीठाचा एक मेल आला होता, तो जाहिरातींच्या ढिगात पडलेला मला नंतर सापडला. जानेवारी २०२३ मध्ये दुसरा आला. तीन ओळींचा. सलग दोन सत्रं सहभाग नसल्यामुळे आपली नोंदणी रद्द करण्यात येत आहे. तो वाचून आधी काय वाटलं असेल? खरं सांगते, सुटल्यासारखं वाटलं. रडू दुसऱ्या दिवशी आलं, आणि तेही का, तर सुटलेल्या तीन पेपरांचं गुणपत्रक उतरवून घ्यावं म्हणून गेले तर लॉगिनच बंद झालं होतं.

इथे आखाती माणसाला सहज पटेल अशी एक गोष्ट सांगते. या देशात आपण साधा फ्लॅट सोडतो तरी विजेचं, पाण्याचं शेवटचं बिल भरून कागद घेतो. नोकरी सोडताना नोटीस, हिशेब, व्हिसा कॅन्सल, बताका जमा. २०२१ च्या जानेवारीपर्यंत तर नोकरी बदलायला जुन्या मालकाचं एन.ओ.सी. लागायचं, त्यासाठी माणसं कशी हातापाया पडत ते जुन्या मंडळींना आठवत असेल. न सांगता निघून गेलेल्याला इथे फरारी म्हणतात, आणि तो शिक्का पुसायला काय यातायात पडते! हे सगळं कोळून प्यालेली मी, विद्यापीठातून मात्र फरारी झाले.

आणि आपल्याकडे गावच्या शाळेतसुद्धा शाळा सोडल्याचा दाखला मिळतो. नववीत शाळा सुटलेला माणूस तो दाखला ट्रंकेत जपून ठेवतो, कारण जन्मतारखेपासून जातीपर्यंत सगळं त्यावर असतं. सोडणाऱ्यालाही कागद द्यायचा, ही किती शहाणपणाची रीत आहे! पण तो मागावा लागतो, आपोआप घरी येत नाही.

माझं गुणपत्रक मिळवायला अकरा मेल गेले आणि शेवटी भावाला रजा काढून विद्यापीठात जावं लागलं. स्वतःहून अर्ज करून सोडलं असतं तर हाच कागद निघण्यापूर्वी दोन मिनिटांत उतरवता आला असता. शिवाय स्थलांतर प्रमाणपत्र, म्हणजे ज्याला सगळे मायग्रेशन म्हणतात ते. दुसऱ्या विद्यापीठात जायचं तर ते लागतं, आणि आधीच्या ठिकाणचं येणं-देणं मिटल्याशिवाय मिळत नाही.

पैशाचंही असंच. विद्यापीठ अनुदान आयोगानं ऑक्टोबर २०१८ मध्ये फी परतीचं एक कोष्टक दिलं. प्रवेशाची जी शेवटची तारीख जाहीर होते, तिच्या पंधरा दिवस किंवा अधिक आधी सोडलं तर किरकोळ खर्च वजा जाता सगळी फी परत. त्यानंतर पण तारखेच्या आत सोडलं तर ९० टक्के, तारखेनंतर पंधरा दिवसांत ८० टक्के, तीस दिवसांपर्यंत ५० टक्के, आणि तीस दिवस उलटले की शून्य. काही वर्षी आयोगानं याहून सवलतीच्या तारखाही दिल्या. तेव्हा आपल्या विद्यापीठाचं माहितीपत्रक आणि त्या वर्षीचं पत्रक दोन्ही बघावं. पण कोष्टकाचा रोख उघड आहे. जमणार नाही हे पहिल्या महिन्यात कळलं तर पहिल्या महिन्यातच सांगावं. आपण काय करतो? पैसे भरलेत म्हणून ओढत राहतो आणि पैसे जायची तारीख गेल्यावर सोडतो.

आता एक चांगली सोय झाली आहे. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणानं पदवीच्या शिक्षणात मधूनच बाहेर पडायला अधिकृत दारं ठेवली. एक वर्ष पुरं केलं तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी डिप्लोमा, तीन वर्षांनी पदवी. आणि २०२१ मध्ये अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स सुरू झाली. तिथे मिळवलेले क्रेडिट जमा राहतात, जास्तीत जास्त सात वर्षं, आणि नंतर दुसरीकडे वापरता येतात. बँकच म्हणायची! फक्त खातं आपण उघडायला हवं, आणि त्याला आधारशी जोडलेला भारतातला मोबाइल नंबर लागतो. आमचा तो नंबर सांगलीत सासऱ्यांच्या फोनमध्ये. ओटीपी त्यांना जायचा, ते चष्मा शोधायचे, चष्मा सापडेपर्यंत ओटीपी संपायचा. या कारणानं मी ते खातं उघडायचं टाळलं. तीन पेपरांची किंमत एका चष्म्यापायी!

आमच्या ओळखीचा एक तरुण दुक्मला सुपरवायझर आहे, मूळचा कोल्हापूरकडचा. त्यानं इग्नूच्या पुणे विभागीय केंद्रातून बी.कॉम.ला नाव घातलं. उन्हाळ्यात, जून ते ऑगस्ट, दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावरचं काम इथे कायद्यानं बंद असतं. बाकीचे झोपतात तेव्हा हा केबिनमध्ये पुस्तक घेऊन बसतो. एका वर्षी साइटचं काम इतकं वाढलं की डिसेंबरच्या परीक्षेला गावी जाणं शक्यच नव्हतं. त्यानं काय केलं? काही नाही, परीक्षेचा फॉर्म भरला नाही आणि पुढच्या जूनला बसला. तीन वर्षांच्या पदवीला तिथे सहा वर्षांची मुदत असते, हे त्यानं प्रवेश घेतानाच वाचून ठेवलं होतं. मी माझं माहितीपत्रक पहिल्यांदा वाचलं ते नाव कमी झाल्यावर.

सोहारला राहणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि ती सांगताना मला अजून चुटपुट लागते. कराडचा डिप्लोमा करून ते ओमानला आले. २००७ मध्ये एका अभिमत विद्यापीठाच्या दूरशिक्षणातून बी.टेक.ला नाव घातलं. चार वर्षं रात्री जागून पुरं केलं, सुपरवायझरचे इंजिनियर झाले, पेढे वाटले, आम्हीही खाल्ले. ३ नोव्हेंबर २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. न्यायमूर्ती आदर्शकुमार गोयल आणि आपले उदय लळित यांचं खंडपीठ. चार अभिमत विद्यापीठांनी आवश्यक मंजुरी नसताना दूरशिक्षणानं दिलेल्या अभियांत्रिकीच्या पदव्या त्यात गेल्या. २००१ ते २००५ च्या तुकड्यांना ए.आय.सी.टी.ई.ची परीक्षा देऊन पदवी वाचवायची संधी मिळाली. त्यानंतरच्या तुकड्यांच्या पदव्या थेट रद्द, फी तेवढी परत करण्याचा आदेश. आमचे स्नेही त्यानंतरच्या तुकडीतले.

निकाल कायद्यानं बरोबर असेल, नव्हे होताच. प्रयोगशाळेत पाऊल न ठेवता इंजिनियर होऊ नये हे त्यांनाही मान्य होतं. पण ते म्हणाले, "वहिनी, मी कुठे सोडलं होतं? मी तर एकही पेपर चुकवला नाही." त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कंपनीनं त्यांना ठेवलं, त्यांचं काम माहीत होतं म्हणून. भिंतीवरची फ्रेम मात्र त्यांनी उतरवली. तिथला चौकोन अजून पांढरा दिसतो.

म्हणून नाव घालण्यापूर्वी आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत ते विद्यापीठ, तो अभ्यासक्रम आणि ते वर्ष, तिन्ही आहेत का हे बघावं. अभियांत्रिकी, वैद्यकीय, नर्सिंग, कायदा, आर्किटेक्चर अशा पदव्या दूरशिक्षणानं किंवा ऑनलाइन देण्यास आयोगाची परवानगीच नाही. कुणी एजंट रुवीच्या हॉटेलात चहा पाजून "सर, होऊन जाईल" म्हणाला तर चहा प्यावा आणि उठावं.

मुलांच्या बाबतीत थोडं सांगायला हवं. अमेरिकी धर्तीच्या विद्यापीठांत, मग ती ऑनलाइन असोत वा इथली, सरासरी साधारण २.० च्या खाली गेली की 'प्रोबेशन' लागतं आणि सुधारलं नाही तर नाव काढतात. तिथे मुदतीत विषय सोडला तर गुणपत्रकावर 'डब्ल्यू' येतो, तो सरासरीत धरत नाहीत. नुसतं जाणं थांबवलं तर 'एफ', तो धरतात. एका अक्षराचा फरक, पण मुलगा घरी बोलू शकला तरच तो वेळेत पडतो. आमच्या इमारतीतल्या एका घरी वडिलांना मुलानं शिक्षण सोडल्याचं कसं कळलं? क्रेडिट कार्डवर फी पडली नाही म्हणून! दोन महिने पोरगा खोलीत लॅपटॉप उघडून बसत होता आणि आई बाहेरून चहा देत होती.

दुसऱ्या एका घरी परीक्षा चालू असताना खोलीत आजी आल्या, "जेवायला येतोस ना?" म्हणाल्या. कॅमेऱ्यानं दुसऱ्या माणसाचा आवाज टिपला आणि गैरप्रकाराची नोटीस आली. घरात सगळे घाबरले, आजींनी तर दोन दिवस खोलीकडे पाहिलं नाही. पण नोटिशीत म्हणणं मांडायला मुदत दिलेली होती. मुलानं त्या मुदतीत लिहून कळवलं, आजींनी काय विचारलं त्याचा अर्थही लिहिला, आणि प्रकरण मिटलं. तो गप्प बसला असता तर?

जगात आपण एकटे नाही, हेही कळलं तर बरं वाटतं. हार्वर्ड आणि एम.आय.टी. यांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांची आकडेवारी २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आली होती. २०१७-१८ मध्ये नाव घातलेल्यांपैकी पुरं करणारे ३.१३ टक्के. फुकट नाव घालणारे त्यात खूप, हे खरं. पण पैसे भरून प्रमाणपत्राच्या वाटेनं गेलेल्यांतसुद्धा पुरं करणारे ४६ टक्के, निम्म्याहून कमीच. हा आकडा मी यजमानांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "बरं मग, उरलेले चोपन्न टक्के लोकांना काय सांगतात?"

मे २०२३ मध्ये सांगलीला गेले. आई काठी घेऊन चालायला लागली होती. दुपारी दोघी मेथी निवडत बसलो होतो. मी म्हटलं, "आई, ते एम.ए. मी नाही करत आहे. नाव कमी झालं माझं."

तिनं मान वर केली नाही. "ठाऊक आहे मला."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? अभ्यास असता तर शुक्रवारी तासतासभर फोनवर बोलली असतीस का माझ्याशी?" मग थोड्या वेळानं म्हणाली, "माझ्यापायी सुटलं का गं?"

या प्रश्नासाठीच तर मी वर्षभर 'आहे अजून' म्हणत आले होते, हे मला तेव्हा समजलं. मी नाही म्हटलं. अर्धं खरं होतं. चौदा व्याख्यानं आईमुळे राहिली, पण पंधराव्यापासूनची माझी मी राहू दिली. तेही तिला सांगितलं. तिनं मेथीच्या काड्या गोळा केल्या आणि विचारलं, "फीचे किती गेले?" आकडा ऐकून मात्र ती बोलली, आणि ते इथे छापण्यासारखं नाही.

या वर्षी मी दुसरीकडे अर्ज केला आहे. यादी तपासून, मुदती वहीत लिहून. वर्ग शनिवारी सकाळी आहेत. सासऱ्यांना चष्मा गळ्यात अडकवायची दोरी नेऊन दिली आणि क्रेडिटचं खातं उघडलं. गुणपत्रक, मायग्रेशन दोन्ही जोडलं. सुटलेले तीन पेपर धरतील की नाही हे त्यांनी अजून कळवलेलं नाही. काकूंना यंदाच्या गणपतीत भेटेन तेव्हा काय ते सांगेन. आईला मात्र अजून काही बोललेले नाही.